अण्णा, तो विराम नव्हता

अण्णा,

उद्या तुमचा प्रयोग आहे. आज शुक्रवार, दुपारचे तीन वाजलेत आणि नितीन स्वयंपाकघरात दूताचं भाषण पाठ करतोय. माझ्या नवऱ्याला, तुमच्या लेकाला, पाठांतर कधीच जमलं नाही, हे तुम्हीच सांगायचात. एकच ओळ अकरा वेळा झाली आहे. तुमची संहितेची वही आणायला त्याने मला तुमच्या खोलीत पाठवलं, त्याला पंधरा मिनिटं झाली. मधून तो दोनदा ओरडला, "सापडली का?" दोन्ही वेळा मी शोधतेय म्हणाले. खरं तर वही पहिल्या मिनिटालाच सापडली होती. ती माझ्या मांडीवर आहे, मी तुमच्या पलंगावर बसले आहे, आणि उठवत नाही.

तुम्ही जाऊन आज आठ दिवस झाले. सुतकात प्रयोग करायचा का, म्हणून मराठी मंडळात कुजबुज झाली. नितीनने एका वाक्यात मिटवलं, की अण्णांचा प्रयोग आहे, तो होणार. तुम्ही असतात तर लांबण लावली असतीत, की ग्रीकांचं नाटक देवाच्या उत्सवात उभं राहिलं, त्याला कसलं आलंय सुतक. आम्ही सगळ्यांनी ती लांबण मनातल्या मनात ऐकली.

दर मे महिन्यात तुम्ही नव्वद दिवसांसाठी यायचात. एका बॅगेत गोडा मसाला आणि मेतकूट, दुसरीत पुस्तकं. सांगलीच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलात, तितकीच वर्षं स्नेहसंमेलनाची नाटकं बसवलीत, आणि निवृत्त झाल्यावरही दोन्ही खोडी गेल्या नाहीत. यंदा इथल्या, जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या मराठी मंडळाने एखादी हलकीफुलकी एकांकिका बसवून द्या म्हटलं, तर तुम्ही त्यांच्या हातात युरोपच्या नाटकाचा अख्खा इतिहास ठेवलात. ग्रीकांपासून प्रबोधनकाळापर्यंत, दीड तासात. दिवसभर गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस रोमन विनोदी नाटकातला लबाड गुलाम झाला. दोन प्रोजेक्ट मॅनेजर झाले इटलीतले मुखवटेवाले नट. रद्दीच्या जर्मन पेपरांचा लगदा करून तुम्ही मुखवटे बनवलेत आणि ते आमच्या बाल्कनीत वाळत घातलेत. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ लिंडनरने मला जिन्यात थांबवून विचारलं, की हे काही धार्मिक आहे का. मी जर्मनमध्ये "हो, हो" म्हणून सुटका करून घेतली.

आणि मला केलंत प्रॉम्प्टर. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हेच माझं काम, त्यामुळे तुम्हाला ती निवड चोख वाटली. त्यातही तुमची हौस दांडगी. मध्ययुगात प्रॉम्प्टर विंगेत लपायचा नाही म्हणे, एका हातात वही आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन सगळ्यांच्या देखत नटांमध्ये उभा राहायचा. तेव्हा मीही तशीच उभी राहायचं. मी कुरकुर केली, तर म्हणालात, "सूनबाई, चूक सुधारणाऱ्याने लपायचं कशाला?" हे वाक्य पुढे तुमच्यावरच उलटणार होतं, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आपलं खरं भांडण रोमनंतरच्या काही शतकांवरून. तुमचं म्हणणं, रोम कोसळलं, चर्चने नटांना वाळीत टाकलं आणि नाटक मेलं. मग त्याच चर्चमध्ये ईस्टरच्या सकाळी, रिकाम्या थडग्यापाशी, बायकांची सोंगं घेतलेल्या पाद्र्यांनी चार ओळींची प्रश्नोत्तरं केली आणि नाटक पुन्हा जन्मलं. तिथून ते चौकात आलं, कारागिरांच्या गाड्यांवर चढलं, जलप्रलयाचा प्रवेश जहाज बांधणाऱ्यांनी घेतला. तुम्ही हे सांगायला लागलात की पोळी तव्यावर करपायची. मला ते मधलं मरण पटायचं नाही. दोरीवर चालणारे, नकला करणारे, जत्रेत अस्वल नाचवणारे होतेच की रस्त्यावर. ती माणसं शतकानुशतकं गप्प बसली होती का? तुम्ही शांतपणे म्हणायचात, "पुरावा दाखव. ज्याचा कागद नाही, त्याचा इतिहास नाही." मी विचारलं, मग आपल्याकडच्या डोंबाऱ्यांचे कागद कुठे आहेत? तेव्हा तुम्ही चहाचा कप उचलून बाल्कनीत गेलात. हरल्यावर तुम्ही नेहमी बाल्कनीतच जायचात.

दूताचं काम मात्र तुम्ही कुणालाच न देता स्वतःकडे ठेवलंत. ग्रीक शोकांतिकेत माणूस सहसा प्रेक्षकांसमोर मरत नाही, पडद्याआड मरतो. मग दूत येतो आणि आत काय झालं ते सांगतो. आमच्या आयटीवाल्यांना ते भाषण फार लांब वाटलं. राजा मेला एवढंच सांगायचंय ना, मग दोन मिनिटांत आटपा, असं कुणीतरी म्हणालं. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "दूताला घाई करता येत नाही. त्याने पाहिलं ते क्रमाने सांगायचं आणि काही गाळायचं नाही. जो तिथे नव्हता, त्याचा तो हक्क आहे."

आता जूनमधल्या त्या मंगळवारचं. तुम्ही स्टुटगार्टच्या ग्रंथालयातून एस-बानच्या लोकलने परत येत होतात. फोन मला आला, नितीनला नाही. तुम्ही गोल्डबर्गला उतरला होतात, आपल्या आधीच्या स्टेशनवर. मी गाडी घेऊन आले. तुम्ही बाकावर ताठ बसला होतात, पुस्तकांची पिशवी पोटाशी धरून. मी म्हटलं, एक स्टेशन आधी उतरलात, होतं असं. गाडीत बसल्यावर तुम्ही म्हणालात, "पाटी वाचली गं. पण आपण राहतो त्या गावाचं नावच आठवेना."

त्याआधी तालमीत एकदा अडखळला होतात. एकदा ओट्यापाशी गाळणी हातात घेऊन तिचं नाव शोधत उभे होतात. मी ते वयावर ढकललं होतं. गोल्डबर्गनंतर ढकलता येईना. डॉक्टरांना दाखवू या म्हटलं, तर तुम्ही पार्किंगमध्ये, गाडी उभी राहिल्यावर, समोर बघत बोललात.

"नितीनला सांगू नकोस. तो मला उद्याच्या विमानात बसवेल."

"अण्णा, हे लपवण्यासारखं नाही."

"प्रयोग होऊ दे. मग नेशील तिथे येतो. तोवर झाकली मूठ."

मी हो म्हटलं. का म्हटलं, हे गेले आठ दिवस स्वतःला विचारतेय. आई गेल्यापासून सांगलीत तुम्ही नुसते दिवस काढत होतात आणि इथे तालमीला शीळ घालत जायचात, हे एक. दुसरं कारण माझ्यापुरतं आहे. लग्नाला चौदा वर्षं झाली, सूनबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही असं तुम्ही चारचौघांत म्हणायचात, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी ठेवायला दिलं होतंत. मला ते आवडलं, अण्णा. इतकी वाईट गोष्ट हातात होती आणि मला मनातून बरं वाटत होतं.

न्यूरोलॉजिस्टचा टर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, मी गुपचूप घेतला. सहा आठवड्यांनंतरचा मिळाला, प्रयोगानंतरचा सोमवार. तातडीचं आहे असं म्हटलं असतं, तर कदाचित आधी मिळाला असता. मी म्हटलं नाही. प्रयोगही होईल आणि टर्मीनही होईल, असा सोयीचा हिशोब मी केला. तो टर्मीन येत्या सोमवारी, सव्वानऊला आहे. अजून रद्द केलेला नाही.

तुमची नात सई मात्र एकदा जेवताना बोलून गेली, "ओपा माख्ट इमर पाउझेन." आजोबा सारखे थांबतात. नितीन कौतुकाने हसला, म्हणाला, मोठे नट आहेत ते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी आमटी वाढायला उठले.

मग ती रंगीत तालीम. गेमाइंडेहाउसच्या, म्हणजे इथल्या समाजमंदिराच्या, हॉलमध्ये सगळ्यांची कुटुंबं आलेली, चाळीसेक माणसं. मी वही आणि काठी घेऊन रंगमंचावर, तुम्हीच नेमून दिलेल्या जागी. तुमचं भाषण सुरू झालं आणि काय सुंदर म्हणत होतात! राजवाड्याचं दार उघडलं, दासी किंचाळली, आणि तुम्ही थांबलात. तिथे विराम नव्हता. पॉज म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही, म्हणून विरामच म्हणते. तुमचा प्रत्येक विराम माझ्या वहीत उतरवलेला होता आणि त्या जागी काही नव्हतं. मी तुमचे डोळे पाहिले. ते गोल्डबर्गच्या बाकावरचे डोळे होते. मी घाबरले आणि पुढचं वाक्य दिलं. तुम्ही हललाही नाहीत. मी पुन्हा दिलं, घाबरल्यामुळे फार मोठ्याने. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले.

तुम्ही मुखवटा काढलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "सूनबाई, तो विराम होता. प्रॉम्प्टरला विराम कळायला हवा."

मी गप्प बसायला हवं होतं. गेला महिनाभर गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "विराम नव्हता, अण्णा. तुम्ही विसरलात."

तुम्ही मुखवटा परत चढवलात आणि भाषण पहिल्यापासून म्हटलंत, शेवटपर्यंत, एकही चूक न करता. घरी आल्यावर नितीनने दार लावून मला विचारलं, म्हाताऱ्या माणसाचा असा पाणउतारा करून काय मिळालं. मी म्हटलं, चूक झाली. पुढचे चार दिवस तुम्ही माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोललात. मला तुमची माफी मागायची होती आणि तुम्हाला भरपूर बोलायचंही होतं. यातलं आधी काय करावं ते ठरेना, म्हणून काहीच केलं नाही.

मागच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, तुम्ही मुखवट्यांची पिशवी घेऊन निघालात. माझी ऑनलाइन मीटिंग चालू होती. दारातून येतो म्हणालात. मी हेडफोन लावून मान हलवली.

पाऊण तासाने बेल वाजली. दारात फ्राउ लिंडनर. जिना झाडायची आपली पाळी तुम्ही कधी चुकवली नाहीत म्हणून ती तुम्हाला फार मानायची. मी आत या म्हटलं, पण ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेर हाताची घडी घालून उभी राहिली आणि पहिल्यापासून सांगू लागली. ती बसस्टॉपवर होती. तुम्ही आलात, ग्र्युस गॉट म्हणालात, तिच्या गुडघ्याची चौकशी केलीत. बाकावर बसून पिशवी मांडीवर घेतलीत. मग म्हणालात, "माइने श्वीगरटॉख्टर", माझी सून, आणि थांबलात.

"मला वाटलं, जर्मन शब्द शोधताहेत," ती म्हणाली. "म्हणून मी वाट पाहिली."

किती वेळ पाहिली तेही तिने सांगितलं. बस आली, दार उघडलं, मिटलं, तोवर. मग तुम्ही एका बाजूला कललात, डाव्या पायातली चप्पल निघाली, पिशवी पडली आणि मुखवटे फुटपाथवर घरंगळले. तिने एकशेबाराला फोन लावला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तुमचा हात धरला, तो कोमट होता. त्या लोकांनी बराच वेळ प्रयत्न केले, मग थांबवले. पोलीस येतीलच, ती म्हणाली, पण तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून मी आले. हे सगळं तिने क्रमाने सांगितलं, चप्पलसुद्धा गाळली नाही, आणि संपल्यावरच आत येऊन मला खुर्चीत बसवलं. तेव्हा मला ते फार क्रूर वाटलं होतं. आता वाटतं, तिने एवढं सांगितलं म्हणूनच मी त्या बसस्टॉपवर थोडी तरी होते.

'माझी सून' याच्या पुढे काय होतं, अण्णा? आठ दिवस मी ते वाक्य पुरं करतेय. माझी सून उद्धट आहे. माझी सून बोलत नाही. माझी सून आज दुपारी हॉलवर येईल. नट अडला तर पुढचा शब्द द्यायचा हे माझं काम, आणि या वाक्याची संहिता माझ्याकडे नाही.

घरात काय चाललंय ते तुम्हाला सांगायला हवं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. नितीनने कागदपत्रं केली, बुधवारी क्रेमाटोरियममध्ये उभा राहिला, सांगलीला फोन केले. माझ्यावर एकदाही ओरडला नाही. परवा भांडी लावताना मात्र माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी तू तेवढं गप्प बसली असतीस तर." वाक्य त्यानेही पुरं केलं नाही. उत्तर माझ्या जिभेवर होतं. तुझे वडील दीड महिन्यापासून विसरत होते, मी त्यांचा पाणउतारा केला नाही, मी घाबरले होते. पण मूठ तुमची होती. मी ताटं पुसत राहिले. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी पाहुण्यांसारखे वागतोय, आणि हे असंच घट्ट होत जाईल अशी मला भीती वाटते.

आणि आता ही वही. तुमचे विराम शिसपेन्सिलीचे असायचे. एक तिरकी रेघ म्हणजे अर्धा, दोन म्हणजे पुरा. विराम रोज बदलतो, म्हणून पेन वापरायचं नाही, हे तुम्ही मंडळातल्या प्रत्येकाला बजावलं होतंत. दूताच्या भाषणाचं पान उघडलं, तर पेन्सिलीच्या रेघांमध्ये निळ्या शाईच्या दुहेरी रेघा आहेत. तालमीत तुम्ही अडलात तिथे मी माझ्या वहीत ठिपका देत होते, कामाची सवय. माझे ठिपके तीन. तिन्ही जागी तुमच्या वहीत शाई आहे. राजवाड्याच्या दारापाशी तर रेघ इतकी दाबून ओढली आहे, की मागच्या पानावर उमटली.

आधी रागच आला. घरी येऊन, भांडण जिंकायला, हा माणूस खोटा पुरावा तयार करून ठेवतो! मग मी रेघा मोजल्या. सात आहेत. उरलेल्या चार जागी तुम्ही माझ्यासमोर कधीच अडला नव्हतात. म्हणजे या खोलीत, दार लावून, एकटेच म्हणून पाहत होतात. जिथे जिथे काही आठवलं नाही, तिथे तिथे विराम लिहीत गेलात. तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक होतं, अण्णा. तुम्ही किती घाबरला असाल, आणि मी चार दिवस मीठ पुढे सरकवत होते.

ज्याचा कागद नाही, त्याचा इतिहास नाही. आता कागद माझ्या हातात आहे. नितीनला ही वही दाखवली तर मी सुटते. बघ, ते विसरत होते, मी खरं तेच बोलले. इथपर्यंत सांगून थांबायचा मोह मला झाला, नाही म्हणत नाही. गोल्डबर्ग गाळायचं, पार्किंग गाळायचं, तो टर्मीन फोन करून मुकाट्याने रद्द करायचा. उरलेलं कुणाला कळणार? पण मग नितीन उद्या तुमचा मुखवटा घालून चाळीस माणसांसमोर त्या राजाची हकिगत सांगेल आणि स्वतःच्या बापाची अर्धीच त्याच्याकडे असेल. तो तिथे नव्हता. तो त्याचा हक्क आहे, हे तुमचंच.

तुम्हाला दिलेला शब्द मोडतेय. तुम्ही म्हणाला होतात, प्रयोग होऊ दे. एक दिवस आधी मोडतेय, त्याबद्दल माफ करा. त्या दिवशी हॉलमध्ये तुमच्यावर ओरडले, त्याबद्दलही. नितीन कदाचित मला माफ करणार नाही. वेळेवर सांगितलं असतंस तर ते वाचले असते, असं म्हणेल. कदाचित उद्याचं भाषण त्याला म्हणता येणार नाही. तरीही.

ओळ पंधराव्यांदा अडली आहे. मी वही घेऊन स्वयंपाकघरात जातेय. बसणार नाही, दारातच उभी राहीन, आणि गोल्डबर्गपासून सुरुवात करेन. मध्येच मी थांबले, तर तो विराम नसेल, अण्णा. तेव्हा पुढचा शब्द तुम्ही द्या, मोठ्याने दिलात तरी चालेल.